काचेत उमटलेल्या काकू

हसू येईल असा किस्सा आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

फौजेतून निवृत्त झालेले आप्पा आमच्या पलूसच्या फोटो स्टुडिओत आले. मोबाइलमध्ये एक फोटो होता: भिंतीवरच्या फ्रेममधले वर्दीतले तरुण आप्पा.

"एवढा साफ करून मोठा काढा. उद्या हिचं तेरावं हाय."

काकूंच्या तेराव्याला आप्पांचा फोटो कशाला? पण दुःखातल्या माणसाला काय विचारायचं? फ्रेमच्या काचेत समोरचं सगळं उमटलं होतं. हल्ली कॉम्प्युटर असलं प्रतिबिंब स्वतःच ओळखून काढतो. बटण दाबलं, आप्पा लख्ख झाले. छापून हातात दिला.

"आवं, ही कुठं गेली?"

"कोण?"

"काचंत हुती की! हिनंच काढलाय ह्यो फोटो. मी जित्ता हाय हितं, मला हार घालता व्हय?"

"काकूंचा दुसरा फोटो नाही?"

"आधारकार्डावरचा हाय. त्यात मी चोरावाणी दिसते म्हणायची. त्यो लावला तर वरनं भांडंल."

काढलेलं प्रतिबिंब कॉम्प्युटरनं वेगळं ठेवलं होतं. मी ते उघडून जमेल तेवढं उजळलं. पदर दिसला, बांगड्या दिसल्या. तोंडापुढं मोबाइल, त्याच्या वर कपाळावरचं कुंकू तेवढं.

"आप्पा, चेहरा मोबाइलमागं गेलाय."

आप्पा पडद्याजवळ वाकले.

"आसू दे," म्हणाले. "माझ्याकडंच बघतीया."