तीन तास ऐकणारा वकील

शहात्तर साली सोलापूरच्या कोर्टात माझ्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवरा नांदायला नेत नाही म्हणून बायकोनं दावा लावला होता. पुकारा होईपर्यंत दोघं एकाच पुडीतल्या शेंगा सोलत होती.

"गंगम्मा, वकील कुटनं आणलास?"

"गरिबांची कामं मोफत करत्यात ते."

"फुकटचा वकील काय कामाचा?"

"तीन तास माझं ऐकून घेतलं त्यांनी."

"तीन तास? मधी बोलला न्हाय?"

"एकदा बोलले. 'मग काय झालं, बाई?' म्हणाले."

"आन् तू समदं सांगितलंस?"

"व्हय की. अठरा वर्षं तुमी 'गप बस' म्हणत होता, तेबी."

"माझ्या आईचंबी?"

"त्यांच्यासाठी येगळा कागद लावलाय."

"मला मिळंल का आसला वकील?"

"तुमाला कशाला? तुमचं घरात समदे ऐकत्यात."

"कोण हाय घरात? आई गेली, तू करकंबला भावाकडं."

"मग?"

"मग चल की घरी."

"हितं नका सांगू. आत जज्जासमोर म्हणा. वकीलसाहेबांनी लई मेहनत घेतलीया, ती वाया जायला नको."