विंचवाच्या पेटीतला ओलावा

आयसीयूबाहेरच्या बाकावर सुजाता सासऱ्यांना भेटायची वेळ होण्याची वाट पाहत होती. शेजारी पोलाद प्लांटजवळच्या खुर्सीपारचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांचा मुलगा नरेश आत होता.

"नरेश आज पयले विंचवाचंच विचारन," म्हातारी म्हणाली.

"विचारन ना. जीव लावून पाळला हाय त्यानं."

"काचपेटीचा गरम पॅड तुमी खाली कावून ठेवला? त्यानं बाजूले लावाले सांगतलं होतं."

"प्लांटात भट्टीवर जनम गेला माझा, कमला. पर मले चुलीवानीच वाटलं, आच खालूनच देतेत."

"जास्त गरम झालं का विंचू मातीत खाली घुसते म्हणे. तो खाली खाली गेला, अन् खाली तुमचा पॅड."

"थंडीनं मरन वाटलं मले."

म्हाताऱ्याने आयसीयूच्या दाराकडे पाहिलं आणि पुढे म्हणाला,

"त्याले आज सांगू नको. म्हण, बिळात हाय."

"बिळातच हाय तो. मी काढला नाही."

"अन् फवाऱ्याचं विचारलं तं?"

"सकाळी मारला."

"मेलेल्यावर?"

"माती सुकू देजो नको माय, म्हणे. तो विचारन, पाणी मारलं का? मले त्याच्याजवळ खोटं बोलता येत नाही."