दादाच्या आकड्यांना बांधलेली लाल पाटी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सुरक्षा निरीक्षण खात्यातील अधिकारी आणि कर्मचारी, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या श्रोत्यांनो,

आज आपण ज्यांना निवृत्तीनिमित्त निरोप देत आहोत ते तुमचे साहेब माझे थोरले भाऊ. माझा दादा. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं भावंडं एकाच घरात राहतो. मला ‘दोन गोड शब्द’ बोलायला सांगितलं आहे. गोड शब्द माझ्याआधीच्या वक्त्यांनी संपवले. आत्ताच एकजण म्हणाले, ‘साहेब होते म्हणून कितीतरी कामगारांचे हात शाबूत राहिले.’ अगदी खरं. पण साहेबांच्या स्वतःच्या हातांची कोणी चौकशी केली का?

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, जे बोलायचं ते तोंडावर बोला आणि पूर्ण वाक्यात बोला. तेव्हा बोलते.

आमच्याकडे एक जुनी छोटी गाडी आहे. वहिनीच्या हौसेची. फाटकातून वळवताना तिच्या पुढच्या चाकाकडून ‘टक्क’ असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, दादा, काहीतरी मोडलंय. तर म्हणे, “अगं, वय झालं तिचं. तुझे गुडघे वाजत नाहीत?” माझ्या गुडघ्यांवर चारजण बसून घाट उतरत नाहीत, असं मी सुनावलं, तेव्हा कुठे हा गाडीखाली शिरला. टॉर्च मी धरला होता. डाव्या चाकावरच्या स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा तुटला होता आणि त्याचं टोक टायरला लागायच्या बेतात होतं. गाडी त्या बाजूला चांगली चार बोटं खचली होती.

आता शहाणा माणूस काय करेल? गॅरेजला फोन करेल. तुमच्या साहेबांनी शेजाऱ्यांकडून स्प्रिंग दाबायचे दोन आकडे मागून आणले. प्रत्येक आकडा म्हणजे एक लांब बोल्ट आणि दोन हुक. बोल्ट फिरवत गेलं की हुक जवळ येतात आणि स्प्रिंग दबत जाते. दबलेली स्प्रिंग काय करू शकते, हे या सभागृहात मी कोणाला सांगावं? त्यात एका बोल्टचे आटे झिजलेले. मी दाखवले, तर म्हणाला, “तू तुझं शब्दकोडं सोडव.”

गेल्या रविवारी त्याने स्प्रिंग दाबून तिच्यावरचा नट काढला. हातातून पाना पडला म्हणून खाली वाकला, आणि तेवढ्यात आकडा निसटला. स्प्रिंगवरची लोखंडी ताटली त्याच्या डोक्यावरून गेली आणि पत्र्याच्या दारावर आदळली. दाराला पोचा आला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावा. बरोबर दादाच्या कपाळाच्या उंचीवर आहे. मी खिडकीत होते. तशीच धावत अंगणात गेले. आणि हा गृहस्थ कपडे झटकत म्हणतो काय? “काही झालं नाही ना?”

अध्यक्ष महोदय, हे वाक्य आमच्या घरात नवं नाही. दादा कारखान्यांची पाहणी करून यायचा आणि बूटसुद्धा न काढता तावातावाने सांगायचा, ‘फिरत्या पट्ट्याला जाळी नाही, आणि मालक मला विचारतो, काही झालं नाही ना!’ त्या मालकांना नोटिसा गेल्या. याला नोटीस कोण देणार?

नवी स्प्रिंग आणली, तीही एकच. “दुसऱ्या बाजूची अजून चांगली आहे.” एक पाय म्हातारा आणि एक तरुण असलेली गाडी ब्रेक दाबल्यावर सरळ थांबेल का? शिवाय नवी स्प्रिंग जुनीपेक्षा उंच, म्हणजे बसवताना जास्त दाबावी लागणार. त्याच आकड्यांनी. कधी? तर या रविवारी! “आता काय, मोकळाच आहे मी.” तेव्हापासून अंगणात साधं भांडं वाजलं तरी मी हातातलं काम टाकून धावते.

तुमच्या खात्याची एक लाल पाटी असते, ‘यंत्र चालवू नका’ अशी. धोक्याच्या यंत्राला ती कोणीही बांधावी, अगदी झाडलोट करणाऱ्या बाईंनीसुद्धा. पण सोडायची ती ज्याने बांधली त्यानेच. साहेबांनीही हात लावायचा नाही. बरोबर ना? दादाच्या बॅगेतून तसली एक पाटी काढून मी त्या आकड्यांना बांधली. त्याने पाहिली आणि आत निघून गेला. रोज उठून मी गाठ तपासते.

आज सकाळी गाठ माझी नव्हती.

घरात आम्ही दोघंच. घरी विचारलं असतं तर याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं असतं. इथे हातात नुसता पुष्पगुच्छ आहे, त्यामागे लपता येणार नाही. म्हणून तुम्हा सर्वांसमक्ष विचारते. दादा, पाटी सोडून कामाला लागला होतास का?

फुलांकडे बघू नकोस. बोल. तुला माइक लागत नाही.

काय म्हणालास?

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, मी सांगते. तो म्हणतोय, “वेणीला रिबीन बांधावी तसं फूल बांधलं होतंस. वाऱ्यानेसुद्धा सुटलं असतं. पाटी पक्क्या गाठीने बांधायची असते. म्हणून नीट बांधली. बाकी कशाला हात लावला नाही.”

हसा, हसा. आम्हाला शाळेत तीच एक गाठ शिकवली होती.

जरा पाणी द्या हो कोणीतरी.

तर दादा, आता नीट ऐक. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलायच्या, आणि गॅरेजमध्ये बदलायच्या. तू बाहेर बाकावर बसायचं. मी शेजारी बसेन, शब्दकोडं घेऊन. गाडी सरळ उभी राहिली की पाटी मी सोडणार, तो हक्क माझा आहे. पण गाठ तू अशी काही आवळली आहेस की ती सोडायला मला तुझेच हात लागतील. तेवढे शाबूत ठेव.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, आणि तुम्ही सर्वांनी चहा लांबला तरी ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. दादाची क्षमा मी घरी मागेन. रविवार सुखरूप गेल्यावर.