इदिलने बाजार बंद केला

गरिसाच्या बसथांब्यावर हलिमोच्या कानावर पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

“गुलेद, तुझ्या डॉक्टर पोरीनं जनावरांचा बाजार बंद केला म्हणे?”

“केला. पुरानंतर डास माजलेत, रिफ्ट खोऱ्याचा ताप आलाय. मेंढ्यांचा माणसांनाही लागतो तो.”

“निदान बापाचा कळप तरी सोडायचा!”

“सगळ्यांत आधी तोच अडवला. म्हणाली, ‘आबा, मागे फिरा.’”

“चारचौघांत? आणि तू फिरलास?”

“फिरलो. घरी पोचतोय तोच मेंढ्या गाभडायला लागल्या, दिवस भरायच्या आतच पिल्लं पडायला लागली. बाजारात गाभडल्या असत्या तर किती जणांना ताप लागला असता?”

“या अल्ला! पण लोक तिला शिव्या घालतायत रे.”

“घालू देत. घालायला जिवंत राहिलेत ना? फक्त नाव पूर्ण घ्या म्हणावं. इदिल गुलेद!”