टेंपरिंग येतं का?

तुम्ही सुनांचं बोललात म्हणून आठवलं. नव्या कंपन्या येऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आमची लेक सुमती इथे तंजावरात धातूकामाचं इंजिनियरिंग शिकत होती आणि पापनाशमहून स्थळ आलं. तिची अट एकच, लग्नानंतर कारखान्यात नोकरी करणार. ते सांगायचं धैर्य मला नव्हतं. मी पडलो कारकून. त्यावरून काय ते समजतील म्हणून पत्रात तिचे सगळे विषय इंग्रजीत लिहून पाठवले, त्यांत टेंपरिंगही होतं. आपल्या इथल्या मराठी लोकांना देवनागरी कुठे वाचता येते?

बघायला आल्यावर मुलाची आई म्हणाली, "टेंपरिंग शिकलीस म्हणे. बरं झालं गे. हल्लीच्या मुलींना साधी फोडणी येत नाही. सांग, कशी करतेस?"

'टेंपरिंग' एवढंच ऐकून, विषयातलं विचारलं म्हणून सुमती खुलली. "आधी भट्टीत लालभडक तापवायचं, मग एकदम तेलात बुडवायचं. त्यानं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा मंद तापवायचं."

"काय तापवायचं?"

"पोलाद, मामी."

इंग्रजीत फोडणीलाही टेंपरिंगच म्हणतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला कारखान्यातच पाठवू. फोडणीचं मी बघते."

आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. फोडणी अजून त्याच देतात.