दुःखासाठी नवस

अध्यक्षा उमाताई, सत्कारमूर्ती सॅम्युएलभाऊ नागावकर, त्यांच्या शेजारी रुमाल घेऊन बसलेल्या आयरीनवहिनी, आणि पार्किंग न मिळूनही आलेले मिसिसागा वाचन मंडळाचे सभासदहो!

दोन मिनिटांत आटप, असं उमाताईंनी बजावलंय. वसईच्या माणसाला दोन मिनिटं? असो.

अमेरिकन ज्यूंच्या कादंबऱ्या आपल्याला सॅम्युएलभाऊंनीच वाचायला लावल्या. काय ती माणसं! घर आहे, नोकरी आहे, पण जीव म्हणून कुठे रमत नाही. आई बोलली तरी अपराधी, नाही बोलली तर त्याहून जास्त. ते वाचून भाऊ स्वतःच इंग्रजीत कादंबरी लिहायला बसले. नायक रेवदंड्याचा ज्यू, तेलाचा घाणा चालवणारा. इथल्या संपादकबाईंनी विचारलं, "याला छळलं कुणी?"

"कुणीच नाही. शेजारी दिवाळीचा फराळ द्यायचे."

"मग सफरिंग कुठंय?" आणि कादंबरी साभार परत!

माणूस खचला हो. बेसमेंटमध्ये बसून वर्षानुवर्षं लिहिलं, आणि दुःख नाही म्हणून नापास? मग भाऊंना थोडं दुःख द्यायचं आम्हीच मनावर घेतलं. भाऊंशी बोलणं टाकलं. मी तर माझ्या ड्राइव्हवेचा बर्फ त्यांच्या दारात शोव्हल केला. हे खिडकीतून ओरडतात, "जेरोम, दमलास रे, चहा घे!" अशा माणसाला परकं करायचं तरी कसं, सांगा?

शेवटी भाऊंनी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस केला. लोक दुःख टळावं म्हणून नवस बोलतात, यांनी थोडं मिळावं म्हणून मलिदा कबूल केला! पोहे, गूळ, खोबरं, फळं, सगळं साग्रसंगीत. वहिनींनी कपाळाला हात लावला.

मग त्यांच्या युवलचा फोन आला. "डॅड, इट्स टाइम. घर विका, व्हँकुव्हरला या." घर विकलं. परवा पुस्तकं बांधायला गेलो, तर भाऊ रिकाम्या बेसमेंटमध्ये उभे. म्हणाले, "जेरोम, तिथं मराठीत भांडायला कोण आहे रे मला?" आणि रडले. मीही रडलो, त्यात लाज कसली? मग नाक पुसून त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.

उमाताई घड्याळ दाखवताहेत. आलात, ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. वहिनी, तो रुमाल आता भाऊंना द्या.

आणि कुणी तसंच जाऊ नका. मागच्या टेबलावर मलिद्याचं ताट झाकून ठेवलंय. ते निरोपाचं नाही. भाऊंचा नवस पावलाय.