काठोकाठ भरलेला तांब्या

दादांनी कुणाला सांगू नको म्हणून बजावलंय, तरी तुम्हांला सांगते.

शेवगावच्या शेठजींनी लष्कराच्या लिलावातला ट्रक घेतला. त्यावर ड्रायव्हर म्हणून माझ्या वडिलांची, दादांची, परीक्षा होती. ज्वारीची पोती भरलेली. शेठजी आमच्याबरोबर केबिनमध्ये बसले आणि काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हाती दिला. "थेंब सांडला तर नोकरी न्हाई."

दादांनी क्लच इतका हळू सोडला की ट्रक हललेला कळलाच नाही.

नोकरी लागली, तर आई नसलेल्या मला आत्याकडे राहावं लागणार होतं. मी तांब्या कलता केला.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "क्लचवरून माझा पाय सटकला, शेठ. पुन्हा बघा."

या खेपेला तांब्या शेठजींनी धरला. थेंबही सांडला नाही.

परवा दादा मला सोडून निघाले, तेव्हा ट्रक इतका अलगद हलला की मी वळून बघेपर्यंत—

"शांते, आत ये गं!"

आत्या हाक मारतेय. मी जा—